लेंड्या कुणाच्या?

पिंपळवंडीत माझ्या बांधाला बांध लागून एक गृहस्थ शेती करतात. बोलताना 'तर' आला की ते थांबतात, मान तिरकी करून समोरच्याकडे बघतात आणि मगच पुढचं बोलतात.

परवा सकाळी माझी मेथी कुणीतरी खाल्लेली दिसली. वाफ्यात लेंड्या होत्या. पलीकडे उतरलेल्या मेंढपाळाला मी शिव्या घालू लागलो.

"मेंढरं शिरली तर..." गृहस्थ थांबले. "लेंड्या पडत्यात, खरं हाय. पण लेंड्या पडल्या म्हंजी मेंढरंच शिरली, असं व्हत न्हाई, भाऊ."

गृहस्थ घरी गेले आणि आपली शेळी ओढत घेऊन आले. तिच्या गळ्यात तुटकं दावं लोंबत होतं.

"हिच्या लेंड्या बी तशाच असत्यात," ते म्हणाले. "आता घाला मला शिव्या."