लोगोनकाठचं तट्टू

मायक्रोस्कोपखाली रक्तात परजीवी वळवळत होते. ज्याचं हे रक्त, ते तट्टू मात्र समोरच्या क्वारंटाइन स्टॉलमध्ये दुसरी पेंढी संपवून तिसरीसाठी बादली आपटत होतं.

फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी जोरात होती. मी कतारमध्ये, दोह्यात एका खाजगी तबेल्याची डॉक्टर. मालकांना पाहुण्यांपुढे देशोदेशीच्या घोड्यांची मिरवणूक काढायची हुक्की आली आणि तिच्यासाठी हे मूसे जातीचं तट्टू आलं. चाड-कॅमेरूनच्या सीमेवर, लोगोन नदीकाठी ही जात सापडते, तीही आता थोडीच उरली आहे. डोकं मोठं, पाय आखूड, उंची माझ्या खांद्याच्या खाली. आमच्या अरबी घोड्यांच्या दिमाखापुढे ते अगदीच गावंढळ दिसायचं. तिकडे सोयरीक जमली की मुलीच्या घरी असं तट्टू द्यायची रीत आहे. त्याला घेऊन आलेला एतिएन त्याच्याशी बोलायचाही धाकट्या भावाशी बोलावं तसा.

त्यांच्या मुलखात त्से-त्से माशी चावते आणि हे परजीवी रक्तात सोडते. बाहेरचा घोडा त्यानं खंगून मरतो. मूसे तट्टू मात्र ते अंगात वागवत मजेत जगतं, हीच त्याची खासियत. निघताना केलेली टेस्ट स्वच्छ होती. प्रवासाच्या दगदगीनं लपलेले परजीवी वर आले.

इथे त्से-त्से नाही, पण गोमाश्या आहेत. त्या एकाचं रक्त दुसऱ्याला पोचवतात, आणि शेजारी मालकांचे लाडके अरबी घोडे. औषध होतं, पण त्यानं अंग पूर्ण स्वच्छ होईल याची मी हमी देऊ शकत नव्हते.

तबेल्याचे मॅनेजर शफीकभाई हैदराबादचे. त्यांनी लगेच निकाल लावला. "डॉक्टर, रिस्क नक्को. इंजेक्शन दे दो, खलास."

दाराशी उभ्या एतिएनला हिंदी येत नव्हती, पण इंजेक्शन हा शब्द कळला. तो आत येऊन तट्टाच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला. मला संताप आला.

"वो बीमार नहीं है, शफीकभाई," मी म्हणाले. "बस इधर रहने के लायक नहीं है. वापस भेजेंगे."

इंडस्ट्रियल एरियात मालकांचं एक गोदाम रिकामं होतं. माश्या आत येऊ नयेत म्हणून त्याला दुहेरी जाळी ठोकून घेतली, कूलर लावला आणि तट्टू तिकडे हलवलं. कार्गोवाले आजारी जनावर न्यायला तयार नव्हते. पुढचे कितीतरी दिवस मी फोनवर सगळ्यांना तेच समजावत होते. समोरून एकच उत्तर यायचं, इन्शाल्ला. शेवटी तिकडच्या सरकारी डॉक्टरांनी त्याला परत घ्यायची परवानगी दिली आणि एक मालवाहू विमान राजी झालं.

सर्टिफिकेटवर मी लिहिलं: कतारमध्ये राहण्यास अनफिट, प्रवासास फिट. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं ते दोनदा वाचलं आणि नक्की काय ते ठरवा म्हणाला. मी म्हटलं, दोन्ही खरं आहे.

निघताना एतिएननं मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमचे अरबी घोडे आमच्या गावी आणले तर?"

"एका पावसाळ्यात मरतील."

तो मनापासून हसला आणि तट्टाला घेऊन आत गेला. तेव्हापासून कुणी घोडा फिट आहे का विचारलं, की मी आधी विचारते, कुठे राहायला?