भाऊरावच्या गाडीतला फ्लोट

सौंसरच्या जनावरांच्या दवाखान्यात भाऊराव गजभिये हा साधा सहायक होता, पण बोरगावपासून मोहगावपर्यंत सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. गाय अडली, बैलाचं पोट फुगलं, की निरोप भाऊरावकडे येई आणि तो पिशवीत औषधं टाकून फटफटीला किक मारी. गाडी जुनी, नागपूरहून घेतलेली. तिचा सुटा भाग हवा असला तर तोही नागपूरहूनच आणावा लागे, म्हणून चार वर्षांत तो अर्धा मिस्त्री होऊन बसला होता.

अगदी तशीच गाडी श्रीधर मास्तरची होती. भाऊरावची पाहूनच त्यानं ती घेतली होती. दोघं शाळेपासूनचे दोस्त. श्रीधरचं घर बाजारातलं, जुनं, सोवळ्याओवळ्याचं. भाऊरावचं बौद्धांच्या वस्तीतलं. चौऱ्याहत्तर साली भाऊरावला नोकरी लागली, त्या दिवशी श्रीधर त्याच्या घरी आला, पाटावर बसला आणि पोटभर जेवला. बाजारातला तोवर कुणी त्या घरचं पाणीही प्यालेला नव्हता. भाऊरावची माय त्या दिवशी चुलीपुढं बसून रडली होती. भाऊरावसाठी श्रीधर त्या दिवसापासून सख्ख्या भावाच्या जागी गेला. गाडी चालवायला त्यानंच श्रीधरला शिकवलं, आणि आपल्याच अंगणात बसवून कार्बोरेटर कसा खोलायचा, कसा पुसायचा, तेही दाखवलं.

चौऱ्याऐंशीच्या मार्चात श्रीधरची गाडी पेट्रोल गाळू लागली. भाऊरावच्या मागं तेव्हा लसीकरणाची धावपळ होती. तो म्हणाला, "आठ दिवस थांब गड्या. एवढं उरकलं का पाहून देतो."

पण श्रीधरला परीक्षेच्या कामासाठी पांढुर्ण्याला जायचं होतं. भाऊरावनं आपली गाडी त्याला दिली आणि चार दिवस स्वतः सायकलवर फिरला. पाचव्या दिवशी श्रीधरनं गाडी धुऊनपुसून आणून दिली. मंगलानं, म्हणजे भाऊरावच्या बायकोनं, चहा केला. श्रीधर तो पिऊन हसतखेळत गेला.

दुसऱ्याच सकाळी मोहगावहून यमुनाबाईचा निरोप आला. गाय व्यायला अडली होती. यमुनाबाई एकटी बाई, त्या एका गायीच्या दुधावर तिचं घर चाले. भाऊराव निघाला. कोसभर गाडी नीट चालली, मग धूर सोडून भकभक करत बंद पडली. खाली पेट्रोलची धार लागली होती. पेट्रोलचा कॉक बंद करून, थोडं थांबून किक मारली की चाले, पुन्हा बंद पडे. शेवटी त्यानं गाडी एका संत्र्याच्या बगिच्यात लोटली आणि पिशवी खांद्याला मारून पळत सुटला. पोचला तेव्हा वासरू आत मेलं होतं. गायही दुपारी गेली.

यमुनाबाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "डॉक्टर, तुमी त कधी उशीर नाई करत."

संध्याकाळी भाऊराव श्रीधरपाशी जाऊन बसला. सगळं सांगितलं. श्रीधरनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मागच्या हप्त्यात नत्थूजीच्या दुकानात गाडी टाकली होती न तू? त्यानंच काही बदलवलं असन. जुना मिस्त्री, पण आजकाल हात चलाख झाला म्हणतात त्याचा."

भाऊरावच्या डोक्यात गाय होती. तो तसाच उठून बसस्टँडवर नत्थूजीच्या दुकानात गेला. नत्थूजी पंपाचं इंजिन खोलून बसला होता. पासष्टीचा माणूस, आजूबाजूला गिऱ्हाईक, चहावाले, बसची वाट पाहणारे.

"माझ्या गाडीतलं सामान काढलं तुमी. चोरी केली," भाऊराव सगळ्यांसमोर ओरडला. "तुमच्यापायी गाय मेली."

नत्थूजीनं हातातला पाना खाली ठेवला. "म्या तुया गाडीची चेन कसली आन् ऑइल बदलवलं. कारबोरेटरले हात लावला नाई. घरी जाय, सोता खोलून पाय, मंग बोल."

लोक हसले. कोण कोणाला हसलं ते भाऊरावला कळलं नाही.

रविवारी सकाळी त्यानं गाडी अंगणात उभी केली, गोणपाट अंथरलं आणि एकेक गोष्ट तपासायला बसला. आधी टाकीचं झाकण सैल करून पाहिलं. झाकणाचं भोक बुजलं की पेट्रोल उतरत नाही. पण फरक पडला नाही. मग नळी काढून बाटलीत धरली. धार सरळ, एकसारखी येत होती. कॉकची जाळी स्वच्छ. प्लग काढला तर काळा आणि ओलाचिंब. म्हणजे पेट्रोल कमी पडत नव्हतं, जास्त जात होतं.

"मंगला, पाणी गरम कर बरं."

"आंघोळ झाली न तुमची?"

"गाडीची कराची हाय."

त्यानं कार्बोरेटरची खालची वाटी उतरवली. आत फ्लोट असतो, पितळेची पोकळ डबी. ती पेट्रोलवर तरंगते आणि वाटी भरली की वरून येणारं पेट्रोल अडवते. त्यानं फ्लोट कानाशी नेऊन हलवला. आत पेट्रोल खळखळलं. गरम पाण्यात बुडवला, तर एका कडेनं बारीक बुडबुडे आले. सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यातून पेट्रोल भरून फ्लोट बुडत होता.

दोष सापडला म्हणून त्याला आधी बरंच वाटलं. मग तो फ्लोट त्यानं उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला, आणि तसाच धरून बसला.

"काय झालं?" मंगलानं विचारलं.

"हा माझा नोहे."

मागच्या वर्षी त्याच्या फ्लोटलाही भोक पडलं होतं. त्यानं स्वतः कथलाचा डाग देऊन ते बुजवलं होतं. डाग ओबडधोबड, ज्वारीच्या दाण्याएवढा. मंगलानंच चिमट्यात फ्लोट धरला होता. या फ्लोटवर डाग नव्हता.

"नत्थूजीनं बदलवला?"

"नाई. त्याच्याकडून आणल्यावर तीन-चार दिवस मीच चालवली गाडी. थेंब गळला नाई." पुढचं मंगलाच बोलली.

"श्रीधरभाऊजी चार दिवस गाडी घेऊन गेले होते."

भाऊरावनं फ्लोटमधलं पेट्रोल पुरतं काढलं, उन्हात वाळवला आणि भोकावर नीट डाग दिला. डाग चांगला बसला. फ्लोट रुमालात बांधला, पेचकस खिशात घातला आणि पायी बाजारात गेला.

श्रीधर ओट्यावर पेपर वाचत होता. त्याची बायको सुधा पाणी घेऊन आली.

"तुयी गाडी खोलू दे," भाऊराव म्हणाला.

"काऊन?"

सुधाच मध्ये हसून म्हणाली, "आता नाही गळत, भाऊजी. हे पांढुर्ण्याहून आल्यापासून अगदी छान चालते."

श्रीधरनं तिच्याकडं असं पाहिलं की ती पेला ठेवून आत गेली. भाऊरावनं परवानगीची वाट पाहिली नाही. दोन पेच, एक खिळी. फ्लोट हातात आला आणि त्यावरचा आपला डाग त्याला लगेच दिसला.

"मी परत लावणारच होतो," श्रीधर हळू आवाजात म्हणाला. "नागपूरहून नवा आला का. आठ दिवस थांब म्हणाला तू. माझी रोजची शाळा."

"मंग नत्थूजीचं नाव काऊन घेतलं?"

श्रीधर रस्त्याकडं पाहू लागला.

"गाय मेली म्हणून सांगाले मी तुयाचजवळ आलो होतो, श्रीधर. तवा तरी बोलाचं."

"एका पितळी डबीसाठी माझ्या दारात येऊन हे बोलून राहिला तू?" श्रीधरचा आवाज चढला. "तुझ्या घरी जेवलो मी. आईनं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्या वक्ती कोण जेवत होतं रे तुमच्याकडे?"

दहा वर्षं भाऊराव ते जेवण मायेचं समजत होता. त्याची माय मरेपर्यंत ते जेवण सांगत होती. आणि या माणसानं ते जपून ठेवलं होतं, आजच्यासारख्या दिवशी काढायला. फ्लोट चोरला याचं दुःख त्याला त्या क्षणी वाटेनासं झालं. हे त्याहून खोल गेलं.

त्यानं दुरुस्त केलेला फ्लोट श्रीधरच्या गाडीत बसवला, वाटी लावली, पेच कसले. किक मारली. गाडी सुरू झाली, गळली नाही. ती बंद करून, आपला डागाचा फ्लोट रुमालात बांधून तो उठला.

"अर्ध्या तासाचं काम होतं," तो म्हणाला आणि निघाला. श्रीधरनं मागून हाक मारली नाही.

तिथून तो सरळ स्टँडवर गेला. नत्थूजीच्या दुकानात त्या वेळी चारच माणसं होती.

"माझी चूक झाली, नत्थूजी. तुमी हात लावला नव्हता. माफी मांगाले आलो."

नत्थूजीनं मान वर केली नाही. "तू चोर म्हणाला तवा पंधरा-वीस लोक होते. थे आज कुठी हायेत?"

म्हणून बाजाराच्या दिवशी भाऊराव पुन्हा गेला. स्टँड माणसांनी भरला होता. तो दुकानाच्या पायरीवर चढला आणि मोठ्यानं म्हणाला, की मी या माणसावर खोटा आळ घेतला, चोरी यांनी केली नाही. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "मंग कोणं केली, डॉक्टर?"

भाऊराव खाली उतरला. नत्थूजीनं स्टूल पुढं सरकवलं, पण चहा काही मागवला नाही.

घरी मंगला रागावली. "त्याईचं नाव काऊन नाई घेतलं? कोणाले झाकून राहिले तुमी?"

"नाव घेतलं त सारे काय म्हणतीन? मास्तर याच्या घरी जेवला, तरी यानं त्याले चोर म्हटलं. फ्लोट राहीन बाजूले, आन् थे जेवणच चघळत बसतीन." तो जरा थांबला. "मले आता त्या जेवणाचं नावबी ऐकाचं नाई."

दुसऱ्या दिवशी बोरगावला लसीकरण होतं. त्यानं औषधांची पिशवी भरली. जाताना मोहगावचा फेरा घालून तो यमुनाबाईकडं थांबला आणि गाडी का बंद पडली होती ते सगळं तिला सांगितलं, श्रीधरच्या नावासकट. फक्त तिलाच. ती ऐकत राहिली, मग रिकाम्या गोठ्याकडं पाहून म्हणाली, "दोस्त होता न थो तुमचा?"

"हो," भाऊराव म्हणाला.