नाळेची कात्री

मी नर्सचं ट्रेनिंग घ्यायला लागले आणि आमच्या घरी माझा वास घ्यायची पद्धत सुरू झाली. रविवारी हॉस्टेलवरून आले की वहिनी दारातच पुढे व्हायची, पिशवी घेण्याच्या निमित्तानं जवळ वाकायची आणि नाक आक्रसून बाजूला सरायची. हॉस्पिटलात फरशीला लावायच्या लायसॉलचा वास काही केल्या जात नसे. आई मागच्या दारी पाणी तापवून ठेवायची. डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय मला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी होती. अण्णाला वासाचं काही नव्हतं, त्याला संशय डॉक्टरांचा. तुमच्याकडे पुरुष डॉक्टर किती, हे तो दर रविवारी विचारायचा. जसं काही आठवड्याभरात त्यांना पिल्लं होणार होती.

अण्णा माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर पेटेतलं, म्हणजे जुन्या बाजारपेठेतलं, आमचं शिंपीकामाचं दुकान त्यानंच चालवलं. आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांपासून आहे ते आमच्यात कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, उंबरा ओलांडला की कन्नड, आणि घरातल्या मराठीतही 'स्वल्प थांब', होकाराला 'सरी सरी' असं चालायचंच. साठ साल नुकतंच उलटलं होतं. मुलीनं शाळामास्तरीण व्हावं इथपर्यंत आमच्या लोकांची मजल गेली होती. नर्स म्हणजे मात्र परक्यांची घाण काढणारी. मी हट्टच धरला, उपास केले, तेव्हा अण्णानं कशीबशी कबुली दिली. त्याची अट एकच होती. हॉस्पिटलातून माझ्याबद्दल एक तक्रार आली की त्याच दिवशी गाशा गुंडाळायचा आणि होसकोट्याच्या माणसाशी मुकाट्यानं लग्न करायचं.

होसकोट्याचा माणूस बिजवर होता. पदरात मुलं, घरी पिठाची गिरणी. मला बघायला आला तेव्हा चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्या दंडांकडे बघून आईला म्हणाला, पोती उचलायची सवय आहे का. मी ते ऐकलं आणि तिथल्या तिथे ठरवलं की काही झालं तरी हा कोर्स पुरा करायचा. नर्स-दाईचं सर्टिफिकेट हातात पडलं की सरकारी दवाखान्यात नोकरी मिळत होती. त्यापलीकडे माझ्या डोक्यात काही नव्हतं.

हॉस्पिटल बाळंतपणाचं, दंडूच्या बाजूला. लष्करी छावणीच्या भागाला आमच्याकडे दंडू म्हणत. आमची वॉर्ड सिस्टर कूर्गची. उंच, गोरी, कडक इस्त्रीची, आणि जगातल्या यच्चयावत माणसांवर संशय. दुपारी बाळंतिणींना दूध वाटून झालं की ती आमच्या ओठांकडे बघायची. चादरीचे कोपरे उचलून बघायची, कापूस उचलून बघायची, आम्ही हसलो तर का हसलो ते बघायची. सुरुवातीला मला तिचा राग यायचा. मग हळूहळू मीच तिच्यासारखी व्हायला लागले. माझा साबण लवकर झिजतोय, असं मला वाटायला लागलं.

साबणाचा संशय अर्थातच खोलीतल्या दुसऱ्या मुलीवर. ती निपाणीकडची. तिची मराठी खणखणीत आणि माझ्या मराठीची टिंगल करायला ती सदा तयार. तुमची मराठी म्हणजे ताकात कालवलेला भात, कुठून चावायचा तेच कळत नाही, असं म्हणायची. मी चिडले की 'होय की' म्हणून अजून हसायची. तिच्या ट्रंकेची किल्ली परकराच्या नाडीला बांधलेली असायची, झोपतानासुद्धा. एवढं काय लपवायचंय, असं मला वाटायचं. एकदा बोलता बोलता मी तिला होसकोट्याच्या माणसाबद्दल सांगून बसले आणि नंतर दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या. आपलं वर्म कुणाच्या हातात द्यावं का?

त्या सुमारास खिडकीजवळच्या खाटेवर एक बाळंतीण होती, आमच्या पेटेतलीच, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातली. तिचं बाळंतपण झालं तेव्हा लेबर रूममध्ये आम्ही दोघीच हाताखाली होतो, मी आणि निपाणीची. मुलगा झाला. बाळंतिणीची आई दाराबाहेर बसलेली. ती म्हातारी म्हणजे आमच्या सिस्टरला पुरून उरेल अशी. आम्ही पोरं बदलतो अशी तिची खात्री. बाळ अंघोळ घालून आणलं की आधी ती त्याच्या कानामागचा तीळ तपासायची आणि मगच लेकीच्या कुशीत द्यायची. मी मराठी बोलते कळल्यावर मला अक्का म्हणायला लागली, तीळ बघायचं मात्र सोडलं नाही.

बाळ झालं त्याच दिवशी ड्यूटी संपताना हत्यारं मोजली तर नाळ कापायची कात्री नाही. ट्रे उलटा करून पाहिला, उकळायचं भांडं पाहिलं, रक्ताच्या कपड्यांची गाठोडी सोडून पाहिली. कात्री नाहीच. सिस्टरनं आम्हा दोघींच्या ट्रंका व्हरांड्यात उघडायला लावल्या. निपाणीवालीच्या ट्रंकेत काय निघालं असेल? गूळ, शेंगा आणि तिच्या आईचं एक जुनं लुगडं. माझ्या ट्रंकेत आमच्याच दुकानात शिवलेली पोलकी निघाली आणि सिस्टरच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तुमचा शिंप्यांचा धंदा ना, असं तिनं सगळ्यांदेखत विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, ती बोथट टोकाची, वाकड्या तोंडाची कात्री. तिनं काय कोट बेतायचे? आमच्या अण्णाच्या दुकानात एकापेक्षा एक कात्र्या, त्यांच्यापुढे हिला कुणी हातसुद्धा लावला नसता. हे सगळं मी मनातल्या मनात बोलले. तोंडानं फक्त 'नाही सिस्टर' एवढंच निघालं. प्रकरण मेट्रनपर्यंत गेलं. शनिवारपर्यंत कात्री सापडली नाही तर माझ्या भावाला बोलावून घ्यायचं, असं ठरलं. म्हणजे शनिवारनंतर होसकोटे.

ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. वॉर्डात मी चालले की मागे कुजबुज. आयासुद्धा माझ्या हातात काही देताना दोनदा बघायची. आणि मी बघत होते निपाणीवालीकडे. कात्री एक तर मी घेतली होती किंवा तिनं. मी घेतली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग राहिलं कोण? ती गप्प गप्प असायची. माझी टिंगल करणं तिनं एकदम बंद केलं होतं. मी तिच्याकडे बघितलं की नजर चुकवायची. जेवताना एकदा तिनं आपल्या ताटातलं लोणचं माझ्या ताटात वाढलं. मी ते बाजूला सारलं. चोराचं मन खातंय, असं मला वाटलं. बरं, कात्री घेऊन ती करणार तरी काय? तेही मी शोधून काढलं. कोर्सनंतर पेटेतल्या सरकारी बाळंतपणाच्या सेंटरवर एकच जागा होती, मी गेले की ती तिला मिळणार. मला सगळं लख्ख कळलं होतं.

शुक्रवारी दुपारी भेटीच्या वेळेला मी बेडपॅन घ्यायला खिडकीजवळच्या खाटेखाली वाकले. खाटेखाली पाट मांडलेला. पाटावर तांदूळ, तांदळावर उभा केलेला छोटा वरवंटा, त्याला हळदीकुंकू. आणि वरवंट्यापुढे हळदीनं पिवळी झालेली, शेवंतीचं फूल वाहिलेली आमची कात्री.

बाळाची पाचवी होती. मी तिथंच मांडी घालून बसले. आमच्या घरी पाचवीला असंच करतात. ज्यानं नाळ कापली ते हत्यार त्या दिवशी पाटावर पुजतात. घरच्या बाळंतपणात तो कोयता नाहीतर विळा असतो, घरातलाच. कुणाला विचारायला लागत नाही. इथं नाळ कापली हॉस्पिटलच्या कात्रीनं, मग म्हातारीनं कात्री घेतली. बाळ झाल्यावर 'अक्का, नाळ कशानं गं कापलीस' असं तिनं मला विचारलं होतं आणि मी ट्रेकडे बोट केलं होतं, हेही मला आत्ता आठवलं. कूर्गच्या सिस्टरला हे सात जन्मांत सुचलं नसतं. मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. पण मी साबण मोजत बसले होते.

मी कात्रीला हात घातला तसा म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"आधीची दोन हिची पाचवीच्या रात्रीच गेली गं. सुईण विळा घेऊन गेली होती, पूजा झाली नाही. आज सटवी येऊन याच्या कपाळावर लिहिणार. एवढी रात्र राहू दे. उद्या सकाळी मीच आणून देते, देवाशपथ."

बाळंतीण भिंतीकडे तोंड करून रडत होती. आता काय करायचं? हत्यार उकळल्याशिवाय बाळाजवळ आणायचं नाही, हे मला शिकवलं होतं. आणि पाचवीची पूजा मोडू नये, हे त्याच्याही आधी शिकवलं होतं. मी म्हटलं, सरी, सकाळी सिस्टर यायच्या आत द्या, आणि तोवर बाळाला लावू नका. बेडपॅन उचलला आणि गेले. रात्रभर मनाशी म्हणत होते, उद्या सगळ्यांची तोंडं बघते.

सकाळी म्हातारीनं कात्री दिली नाही. मीच ती खाटेखालून काढली आणि सरळ मेट्रनच्या ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवली. घडलं ते सगळं सांगितलं. सिस्टरनं हळद नखानं खरवडून पाहिली आणि म्हातारीला बोलावलं. ती आली ती पदर डोक्यावरून घेऊन. सिस्टरनं तिला कन्नडमध्ये दरडावलं की खरं बोलली नाही तर लेकीला नातवासकट आत्ताच्या आत्ता घरी पाठवीन.

म्हातारीनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "या अक्कानंच दिली. आमच्यातलीच आहे ती. पूजेला लागते म्हणून तिनंच आणून दिली."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. मेट्रननं चष्मा काढला. भावाला बोलावून घ्या, असं ती म्हणाली. माझ्या डोळ्यांपुढे ती गिरणी आणि ती पिठाची पोती उभी राहिली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. निपाणीवाली उभी होती, तिला कुणी बोलावलंही नव्हतं. "मी पाहिलंय," ती म्हणाली. "बाळ पुसत होते मी. ही म्हातारी आत आली, ट्रेमधली कात्री उचलली आणि ओच्यात घातली. हिची पाठ होती तिकडं." सिस्टरनं विचारलं, शपथेवर सांगशील? ती लगेच म्हणाली, "आईची शपथ."

म्हातारीचा बांधच फुटला. खाली बसून सिस्टरचे पाय धरायला लागली, चुकलं म्हणाली, दोन नातवंडं गेल्याचं सांगायला लागली. सिस्टर पाय मागे घेत राहिली. शेवटी तिनं कोणालाच घरी पाठवलं नाही. कात्री माझ्या हातात दिली आणि नीट उकळून आण म्हणाली. माफी वगैरे काही मागितली नाही. तिच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती.

खोलीत गेल्यावर मी निपाणीवालीला म्हटलं, तू पाहिलं होतंस तर इतके दिवस मूग गिळून का बसलीस? माझा जीव जायची वेळ आली होती.

ती टोपीच्या पिना काढत होती. "मी कुठं काय पाहिलंय? मी तेव्हा मोरीत कपडे धूत होते."

मला काही कळेना. आईची शपथ घेतलीस ना, मी म्हटलं.

"आई घेईल समजून." तिनं पिना डबीत टाकल्या. "तू दिलीस तर दिलीस. एका कात्रीपायी त्या होसकोट्याच्या माणसाची पोती उचलायची होय?"

मला रडूच कोसळलं. कधी नाही इतका राग आला होता आणि कधी नाही इतकं बरं वाटलं होतं, दोन्ही एकदमच. मी तिला सांगितलं, मी नाही गं दिली, हातसुद्धा लावला नव्हता, म्हातारी खोटं बोलली. देवाची, वडिलांची, सगळ्यांच्या शपथा घेतल्या. ती मान डोलवत ऐकत होती. आजाऱ्याचं ऐकतात ना, तसं. मग 'असू दे की' म्हणाली आणि चहाला चल म्हणाली.

कोर्स आम्ही दोघींनी बरोबरच पुरा केला. मी पुन्हा पुन्हा तिला तेच सांगत राहिले, ती पुन्हा पुन्हा 'होय की' म्हणत राहिली. गावाकडची नेमणूक घेऊन ती निघाली तेव्हा मी बसस्टँडवर पोचवायला गेले. बस सुटायच्या आधी खिडकीला धरून शेवटचं सांगितलं, खरंच गं, मी दिली नव्हती.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "अगं, मी कुणाला सांगणार आहे होय?" ती म्हणाली.