इस्लामपूरच्या भिंतीसाठी एक गणपती

पुण्यात दर रविवारी मी एका क्लासमध्ये जलरंग आणि ठसाचित्रं शिकते. ठसाचित्र म्हणजे लिनो नावाच्या रबरासारख्या लादीच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, शाई फासायची, वर कागद दाबायचा आणि बोट कापलं की ‘प्रोसेस एन्जॉय करा’ हे ऐकून घ्यायचं. दोन वर्षांत मी इतकी चित्रं भेट दिली आहेत की नातेवाईक आता वाढदिवसाची तारीख लपवतात. इस्लामपूरच्या मावशीने तर माझा सूर्यास्त पिठाच्या डब्याखाली अंथरला होता. तिच्या नव्या घराची वास्तुशांत ठरली तेव्हा मी पेटलेच. या वेळी माझं चित्र तिच्या भिंतीवर लागलंच पाहिजे!

वाटेत वाईला एक मुक्काम ठेवला. स्वारगेटहून सकाळची एसटी पकडा. तीनेक तास लागतात, बायकांना अर्धं तिकीट. घाटावर बसून मी कृष्णामाई रंगवायला घेतली. शेजारी गोधडी धुणारी बाई डोकावली.

“ताई, नदी एवढी निळी कवा बघितली तुमी?”

मी तिला कलाकाराच्या दृष्टीबद्दल सांगू लागले. “व्हय व्हय,” म्हणत तिने गोधडी झटकली. शिंतोडे माझ्या आकाशावर उडाले आणि खरं सांगायचं तर आकाश सुधारलं. दुपारी लॉजवर बसून मी गणपती कोरला. छान, शांत, डाव्या सोंडेचा, घरोघरी असतो तसा.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून कराडमार्गे सांगलीला जाणारी गाडी घेतली आणि इस्लामपूरला उतरले. गळिताचा हंगाम असेल तर हातात वेळ ठेवा, कारण उसाच्या ट्रॉलीमागे एसटीही नमते. मावशीच्या ओट्यावर मी पाहुण्यांसाठी चाळीस ठसे काढले. कागद घासायला तिचा आमटी वाढायचा डाव घेतला होता. फौजेतून निवृत्त झालेल्या काकांनी ते दोरीवर चिमटे लावून एका ओळीत वाळत घातले. मावशी कौतुकाने बघायला आली आणि थबकली.

“सोंड उजवीकडं हाय की गं.”

ठशात चित्र उलटं उमटतं. हे पहिल्याच रविवारी शिकवलं होतं आणि मी मान डोलावली होती.

“मग काय झालं?” मी म्हणाले. “मी असलं काही मानत नाही.”

“लय कडक असतोय ह्यो. सोवळं पाळाय लागतं. आमच्यात रविवारी मटन शिजतंय.”

वास्तुशांतीला आलेल्या एकेका पाहुण्याने ठसा घेतला, सोंड पाहिली, हात जोडले आणि हळूच परत ठेवला.

“अहो, कला म्हणून बघा ना!” मी कळवळून म्हणाले.

“कला म्हनूनच बघितलं, बाई,” शेजारच्या आजी म्हणाल्या. “घरी न्यायचं न्हाई म्हनलं.”

मला रडूच आलं. कोरलेला लिनो ओट्यावर तसाच टाकला, चाळीस गणपती पिशवीत भरले आणि सकाळी सांगली गाठली. सांगलीत भडंग घ्याच, ताजं आणि भरपूर लसणाचं. मी वैतागून दुकानदारालाच म्हटलं, हे कागद घ्या आणि त्यातच पुड्या बांधा.

त्याने वरचा ठसा पाहिला आणि सगळा गठ्ठा दोन्ही हातांनी परत दिला. “न्हाई ताई. देवात भडंग कसं बांधू?”

संध्याकाळी पुण्यात पोचले तर मावशीचा फोटो आला होता. हॉलच्या भिंतीवर, बरोबर मधोमध, माझा लिनो. शाईसकट, वर झेंडूचा हार. मी लगेच फोन लावला.

“ह्यात सोंड डावीकडं हाय,” मावशी म्हणाली. “काकांनी खिळा मारला. चित्र तवाच आवडलं हुतं गं मला, सोंडंपायी अडलं हुतं.”

मी इतकी खूश झाले की पुन्हा रडले. ज्याला आम्ही क्लासमध्ये नुसता साचा म्हणतो, तो तिच्या भिंतीवर आहे, आणि कला माझ्या कपाटात. चाळीसच्या चाळीस. रविवारी बिर्याणी मागवली, डबा उघडला, कपाटाकडे पाहिलं, आणि जिन्यात जाऊन खाल्ली.