लुसैलमधली ललकारी

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. आमच्या मराठी मंडळात तर नाहीच — त्यांनी त्या संध्याकाळचा व्हिडिओ इतका मिरवलाय की आता सांगायची सोय उरली नाही. पण आधी थोडी फुशारकी मारू द्या. ती मला अजूनही गोड लागते.

कतारमध्ये, दोह्याजवळच्या लुसैलमधल्या एका मोठ्या हॉटेलात मी समारंभ सांभाळतो. आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाचे राजे मेजवानीला आले होते. त्यांची रीत अशी, की आधी भाटाने दारात उभं राहून राजाच्या पूर्वजांची नावं घ्यायची. त्याशिवाय राजा आत पाऊल टाकत नाही. राजे दाराशी उभे, आणि भाटाचा पत्ता नाही. त्यांचे सेक्रेटरी घामाघूम. आमचा मॅनेजर माझ्या कानाशी, “यल्ला, चल लवकर, काहीतरी कर.”

मी साताऱ्याचा. मंडळाच्या शिवजयंतीला गारद दरवर्षी मीच देतो. छाती भरून घेतली आणि सुरू झालो, “आस्ते कदम...” महाराजांच्या जागी या राजांचं नाव घातलं, बाकी सगळं अस्सल मराठी. अख्खा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. राजे हसले, मान लववली, आणि आत आले. एका राजाला मी वाजतगाजत आत नेलं — मी! पुढे बढती मिळाली. सासरेबुवा अजून येईल त्याला तो व्हिडिओ दाखवतात.

पण भाट कुठे होते? त्यांचा घसा बसलाय, असं मी सेक्रेटरींना सांगितलं.

ते खोटं होतं. थोड्याच वेळापूर्वी एक म्हातारे गृहस्थ एकटेच मुख्य दाराशी आले होते — खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मी नाव विचारलं नाही. रंग बघितला, घोंगडं बघितलं, आणि मागच्या दाराकडे बोट दाखवलं. त्याच घोंगड्यात कुणी गोरा म्हातारा आला असता तर? खुर्ची दिली असती. शोधाशोध सुरू झाली तेव्हा मला लगेच कळलं, मी कुणाला हाकललंय. बोलावून आणायला वेळही होता. पण मग सांगावं लागलं असतं ना, की त्यांना कुणी अडवलं?

जेवणं आटोपत आली तशी राजांनी स्वतःच भाटाची चौकशी केली. मलाच वाट दाखवावी लागली. भाट खाली भांडी घासायच्या जागेपाशी स्टुलावर बसले होते. मलाही कळावं म्हणून राजांनी इंग्रजीत विचारलं, “आवाज परत आला?”

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. “आला,” ते म्हणाले.

आणि गायला उभे राहिले. काय आवाज होता तो. माझी गारद त्यापुढे पोरखेळ. राजे मान खाली घालून ऐकत होते. सोबत आलेले सेक्रेटरी मला हळू आवाजात अर्थ सांगत होते. त्यांच्या देशात कारभार मंत्र्यांचा. मंत्री लिहून देतील तेवढंच राजांनी वाचायचं. राजांना भरसभेत चार खडे बोल सुनावायची मुभा एकट्या भाटाला, आणि तेव्हा मंत्र्यांनाही उठून जाता येत नाही. म्हातारे त्या दुपारी दोह्यात सिक्युरिटी गार्डची नोकरी करणाऱ्या आपल्या देशातल्या पोरांना भेटून थेट हॉटेलवर आले होते. त्यांचंच गाऱ्हाणं गात होते — तुझी लेकरं इथे परक्यांची दारं राखतात, गावी आई वारली तरी वकिलातीत फोन कुणी उचलत नाही, राजा, ऐकतोस का?

राजे ऐकत होते. हुकूम देणं त्यांच्या हातात नव्हतं. ज्यांच्या हातात होतं ते मंत्री वर हॉलमध्ये कुनाफा खात होते, आणि ही हाक त्यांच्यासमोर, कॅमेऱ्यांसमोर द्यायची होती. एक जिना चढायचा होता. यांना मीच दारातून हाकललं, हे मी तेव्हा सांगितलं असतं तर हुकलेला मान द्यायला राजे भाटांना घेऊन वर गेले असते.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला, मंत्र्यांना माझ्याबरोबर फोटो हवाय. मी एकटाच वर गेलो.