यादीत नसलेलं नाव

मुलीनं माझं बमरोलीतलं साडीचं दुकान नाकारलं आणि दुबईत नोकरी धरली, हा राग मी मनात ठेवून होतो. परदेशातल्या माणसाला तिथून मत देता येत नाही. अर्ज करून नाव नोंदवायचं आणि पासपोर्ट घेऊन गावच्याच केंद्रावर यायचं. तिनं अर्ज केला. मतदार यादीच्या चौकशीला एक शिक्षिका घरी आल्या, तेव्हा मी तडकून म्हणालो, "तिचा या घराशी काही संबंध नाही."

ती सुट्टी काढून मतदानाला आली. यादीत तिचं नाव नव्हतं. मी केंद्रावरच्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर हात आपटला. "साहेब, पोरगी समुद्र ओलांडून आली आणि तुम्ही नाव खाल्लं?"

"पप्पा, बस करा," ती म्हणाली. "इथं काय भाव पाडायचाय?" मग माझ्या वतीनं तिनंच त्यांची माफी मागितली.

त्या शिक्षिकेला मी काय म्हणालो होतो, ते तिथंच सांगायला हवं होतं. मी तिच्या मागून बाहेर आलो. दारात शेजारीण शाई लावलेलं बोट सगळ्यांना दाखवत होती. मुलीनं आपला हात ओढणीखाली घेतला आणि हसून तिचं अभिनंदन केलं.