डावीकडच्या सीटला ब्रेक नसतो

गाड्या विकणाऱ्यांकडे किश्शांची कधी टंचाई नसते. दुपारी डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "आज काय झालं माहितीये का?" आणि सगळ्यांच्या भाज्या गार होतात. सातारा रोडवरच्या आमच्या शोरूममध्ये मी अकरा वर्षं आहे. फॅमिली एसयूव्ही, म्हणजे अख्खं घर बसेल अशा मोठ्या गाड्या, हे माझं खातं. टेस्ट ड्राइव्हला गिऱ्हाईक चालवतं आणि मी शेजारी, डाव्या सीटवर. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडेही ब्रेक असतो. आमच्या गाडीत नसतो. तरी माझा उजवा पाय दिवसभर तो दाबत असतो. डेमो कारच्या मॅटला नेमकं तिथंच भोक पडलंय. वर्कशॉपवाल्यांनी एकदा विचारलं, "मॅडम, इथं काय करता तुम्ही?"

म्हटलं, "घाबरते."

*

बँकेतून रिटायर झालेले एक काका आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बरोबर काकू. लायसन्स मागितलं तर प्लास्टिकच्या पिशवीतून काढलं. वेळच्या वेळी रिन्यू केलेलं, एक सुरकुती नाही. काकांनी सीट पुढे घेतली, आरसे नीट केले, बेल्ट लावला. मला फार बरं वाटलं. आज पायाला आराम, असं मनात म्हटलं.

गाडी गेटमधून जी सुटली ती थेट बसच्या लेनमध्ये शिरली. दोन्ही बाजूंना रेलिंग, मागून हॉर्न देत येणारी बस, आणि समोर रस्ता ओलांडणारी माणसं.

"काका, ब्रेक."

"कुठला?"

मला वाटलं, गंमत करतायत. मग काकांच्या कपाळावरचा घाम बघितला.

"काका, ही ऑटोमॅटिक आहे, खाली पेडल दोनच आहेत. डावीकडचा दाबा."

गाडी थांबली. मागची बस हातभर अंतरावर थांबली. तिचा ड्रायव्हर खाली उतरून आमच्याकडे बघत उभा राहिला.

मी विचारलं, "काका, शेवटची गाडी कधी चालवली होतीत?"

"लायसन्सच्या परीक्षेला."

"मग मघाशी सांगायचं नाही का?"

"आपण लायसन्स आहे का ते विचारलंत. चालवता येते का, ते विचारलं नाहीत."

मागच्या सीटवरून काकू शांतपणे म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. मला चाळीस वर्षं अशीच उत्तरं मिळतायत."

*

एका बाईंनी टेस्ट ड्राइव्हच्या आधी आमच्या डेमो कारला लिंबू-मिरची बांधली. मी म्हटलं, "अहो, गाडी अजून आमची आहे."

"गाडी तुमची आहे. चालवणारा नवरा माझा आहे."

*

फुरसुंगीकडचे एक तात्या होते. साठीचे, पांढरी टोपी, तिघा भावांसाठी तीन गाड्या घ्यायला निघालेले. म्हणाले, "रस्त्यावर समद्याच गाड्या पळत्यात. माझ्या रानात चालती का ते दावा." डेमो कार रानात न्यायची परवानगी नसते, पण तीन गाड्या म्हटल्यावर आमच्या साहेबांनीच मला डोळ्यानं खूण केली, जा म्हणून.

दोन्ही बाजूंना उभा ऊस, मधून बैलगाडीची वाट. गाडी छान गेली. पण पुढं वाट संपली आणि वळवायला जागा नाही. तात्यांनी रिव्हर्स टाकला. मी समोरच्या स्क्रीनवर मागचा कॅमेरा बघत होते. आधी गवत दिसलं. मग दोन दगड. मग सगळी स्क्रीन काळी.

"तात्या, थांबा. कॅमेरा बंद पडला बहुतेक. काहीच दिसत नाही."

तात्यांनी ब्रेक मारला, काच खाली केली, मान बाहेर काढून मागं बघितलं आणि जराही घाई न करता मान आत घेतली.

"कॅमेरा बराबर हाय. विहीर हाय ती."

मी दार उघडायला गेले तर म्हणाले, "उतरू नगा. तुमच्या बाजूचा काठ ढासळलाय." मागच्या चाकाखालून मातीचं ढेकूळ सुटल्याचं मला ऐकू आलं. पाण्यात पडल्याचा आवाज फार वेळानं आला. तात्यांनी गाडी मुंगीच्या पावलानं पुढं घेतली.

घरी चहा झाला. तात्यांनी बायकोला सांगितलं, "चांगली हाय गाडी. थांबती."

*

आयटीतलं एक जोडपं आलं होतं. ती सातव्या महिन्यातली, मागे बसलेली. तो मोबाइलवर गाडीचे सगळे व्हिडिओ बघून आलेला, त्यामुळे मलाच माहिती देत होता. सर्व्हिस रोडला लागल्यावर म्हणाला, "मॅडम, ही गाडी स्वतः ब्रेक मारते. बघा, मी पाय काढतो."

"सर, ते अडचणीच्या वेळेसाठी आहे. करून बघायचं नसतं."

त्यानं पाय काढला. वर हातही स्टिअरिंगपासून चार बोटं दूर धरले.

मागून बायकोनं विचारलं, "हिला राँग साइडनं येणारे दिसतात का?"

"रडार आहे गं. सगळं दिसतं."

तेवढ्यात वळणावरून उलट्या दिशेनं एक स्कूटर आली, मागे गॅसचा सिलिंडर आडवा बांधलेला. गाडीत सगळीकडून पीप-पीप सुरू झालं, आमचे पट्टे छातीत रुतले आणि गाडी थांबली. सिलिंडर आमच्या बॉनेटपासून वीतभर लांबून गेला. स्कूटरवाला वळून म्हणाला, "नीट चालवा की जरा."

मी मागे बघितलं. तिनं दोन्ही हात पोटावर धरले होते. मग ती नवऱ्याला म्हणाली, "गाडीला अक्कल आहे. तू मागे ये."

*

गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी शोरूमला एका बाईंचा फोन आला. टेस्ट ड्राइव्ह हवी, शेजारी बाईमाणूसच हवं, आणि स्वारगेटपर्यंत नेता येईल का? मी म्हटलं, या.

अकराला त्या स्कूटरवरून आल्या. पस्तिशीच्या असतील. बरोबर दोन मुलं, मुलगी पाचवीतली, मुलगा दुसरीतला. दोघं गणवेशात, पाठीवर फुगलेली दप्तरं. मी मुलांना विचारलं, "आज शाळेला सुट्टी?" मुलांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "आज नाही गेलो."

निघताना त्यांनी स्वतःचा मोबाइल स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि डिकी लावली.

"अहो, फोन राहिला."

"राहू दे. तो इथंच बरा."

गाडी त्यांनी उत्तम चालवली. लोक मायलेज विचारतात, सनरूफ विचारतात. त्यांनी विचारलं, "दरवाजे लॉक कधी होतात?"

"गाडी चालू लागली की आपोआप."

"मग बाहेरून उघडता येत नाहीत ना?"

"नाही."

टेस्ट ड्राइव्हला आलेली मुलं काचा वर-खाली करतात, दिवे लावतात, एक बटण सोडत नाहीत. ही दोघं मांडीवर हात ठेवून बसली होती. एका सिग्नलला काळी बाइक आमच्या शेजारी येऊन थांबली. हेल्मेटमधला चेहरा दिसत नव्हता. मुलगी एका क्षणात सीटवरून खाली सरकली आणि भावालाही ओढून तिनं खाली घेतलं. सिग्नल सुटला, बाइक निघून गेली. दुसराच कुणीतरी होता. बाईंनी दरवाज्याचं लॉक पुन्हा एकदा दाबून बघितलं.

मी हळूच विचारलं, "पोलीस चौकीला घ्यायची का गाडी?"

"दोनदा जाऊन आले."

स्वारगेटला स्टँडच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला लावली. दप्तर उतरवताना एकाची चेन सुटली. आत पुस्तकं नव्हती, कपडे होते. त्या म्हणाल्या, "सव्वाबाराची कोल्हापूर आहे. आई असते माझी तिकडे." मग किल्ली माझ्या हातात दिली. "गाडी चांगली आहे." मुलांचे हात धरून त्या गर्दीत शिरल्या.

मी गाडी परत आणली. शोरूममध्ये रिसेप्शनसमोर एक उंच माणूस उभा होता, हातात हेल्मेट. रिसेप्शनच्या मुलीनं माझ्याकडे बोट दाखवलं. तो हसला.

"ताई, माझी मिसेस तुमच्याबरोबर गेली होती म्हणे. तिच्या फोनचं लोकेशन इथलंच दाखवतंय. स्कूटर पण बाहेर आहे." आवाज अगदी मऊ. बोलता बोलता तो हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. "मुलांची काळजी वाटते हो. कुठं उतरली ती?"

त्याच्या डोक्यामागच्या घड्याळात बाराला पाच कमी होते.

"वाकडेवाडीच्या स्टँडवर," मी म्हटलं. "नाशिकच्या गाड्या कुठं लागतात, विचारत होत्या."